कोण आलंय, नाव सांग

रेणुकामातेवर माझी श्रद्धा आहे, कालही होती आणि आजही आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून काही जण म्हणतील, ही बाई देव सोडून डॉक्टरांच्या नादी लागली. काही म्हणतील, चांगली बी.ए. झालेली बाई, अजून दर मंगळवारी देवळात जाते. ही दोन्ही बोलणी मी घरातच पोटभर ऐकली आहेत, त्यामुळे बाहेरच्यांचं आता काही वाटत नाही. अनुभव जसा आला तसा लिहिते आहे. कुणाला पटवून देण्याच्या फंदात मी पडणार नाही.

दुष्काळाची ती वर्षं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. शहर चहूबाजूंनी वाढत चाललं होतं आणि आम्ही त्याच्या अगदी कडेला, सातारा परिसराच्याही पलीकडे, गुंठेवारीतला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. कालपर्यंत जिथे बाजरी होती तिथे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पडले होते. धड रस्ता नाही, गटार नाही, पण घरं मात्र धडाधड उभी राहत होती. पैठणहून शहराला येणारी पाण्याची लाइन आमच्या वसाहतीपर्यंत पोचलीच नव्हती. आधी बोअरवर भागत होतं, मग बोअर आटले आणि सगळी वसाहत टँकरच्या भरवशावर आली. टँकर आज येणार म्हणायचे आणि तो तीन दिवसांनी यायचा. प्रत्येक दारासमोर निळे ड्रम उभे असायचे आणि त्या ड्रमांनी माझं डोकं खायला सुरुवात केली.

मी घरी लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. पाढे म्हणून घेता घेता उठायचे आणि ड्रमवर बोटांनी टकटक करून पाणी किती खाली गेलं ते पाहायचे. परत येऊन बसायचे, परत उठायचे. पाणी संपलं तर काय, या विचारापासून गाडी सुटायची ती थेट आमच्या ह्यांची वाळूजची कंपनी बंद पडली, मुलांची शाळा सुटली, आम्ही सगळे उघड्यावर आलो, इथपर्यंत जाऊन थांबायची. बरं, तिथेही थांबायची नाहीच. मग छातीत धडधड, हातांना मुंग्या, घसा आवळल्यासारखा, आणि आता आपण मरणार याची पक्की खात्री. ते ओसरलं की दिवसभर अंगातला जीव काढून घेतल्यासारखं पडून राहायचं. केस विंचरावेसे वाटायचे नाहीत. मुलगी शाळेतलं काही सांगायला आली की तिचे ओठ हलताना दिसायचे, शब्द आत शिरायचे नाहीत. मी देवीशी मनातल्या मनात भांडायचे. तुझं काय कमी केलं मी, असं रोज विचारायचे, आणि ती रोज गप्प बसायची.

आमच्या वसाहतीत मोकळ्या जागेवर पत्र्याचं छप्पर टाकून रेणुकामातेचं छोटं देऊळ बांधलेलं आहे. तिथली सगळी सूत्रं गयामावशींच्या हाती. मावशी म्हणजे जुन्या आराधी, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. मंगळवारच्या आरतीला त्यांच्या अंगात देवीचं वारं यायचं आणि बायका त्यांना प्रश्न विचारायच्या. आमच्याकडे वारं आलं की आधी विचारायची रीत असते, कोण आलंय, नाव सांग. मावशी नाव सांगायच्या, मग बायका पाया पडायच्या आणि आपापली गाऱ्हाणी मांडायच्या. लेकीचं लग्न, नवऱ्याची दारू, आणि त्या वर्षी तर सगळ्यांचा एकच प्रश्न होता.

अशाच एका मंगळवारी आरती ऐन रंगात असताना माझी धडधड सुरू झाली. टाळ, घंटा, कापराचा धूर, बायकांची दाटी. श्वास पुरेना, हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. मला बाहेर जायचं होतं, पण बायकांनी वाट देण्याऐवजी रिंगण धरलं. कुणीतरी माझ्या कपाळाला मळवट भरला. गयामावशींनी माझे खांदे धरून मोठ्यानं विचारलं, "कोण आलंय? नाव सांग आई." माझ्या तोंडून नाव कुठलं निघणार. घशाला कोरड पडली होती, म्हणून मी कसंबसं म्हटलं, "पाणी... पाणी." मला तांब्याभर पाणी हवं होतं हो, दुसरं काही नाही. पण त्याच घटकेला वसाहतीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. आठवडाभर ज्याचा पत्ता नव्हता तो टँकर.

पुढचं काय सांगायचं. अर्ध्या बायका माझ्या पाया पडल्या आणि अर्ध्या ड्रम घ्यायला पळाल्या. मला पाणी मात्र शेवटपर्यंत कुणी दिलं नाही. टँकर त्याच वेळी का आला, हे मला आजही माहीत नाही आणि मी ते शोधायला जाणार नाही. एवढं खरं की त्या संध्याकाळपासून मी वसाहतीत मोठी झाले. घरी माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या मला आळशी, रडकी म्हणायच्या. त्याच आत्याबाई मला पहिल्या पंगतीत वाढायला लागल्या. मी दिवसभर पडून राहिले तरी कुणी बोलेना, देवीचं अंग जड असतं म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. वेडी म्हणवून घेण्यापेक्षा देवी म्हणवून घेणं कुणाला आवडणार नाही? पण आतला त्रास तसूभरही हलला नाही. उलट आता बायका दारात येऊन पाऊस कधी पडेल ते विचारायला लागल्या, आणि त्यांच्यासाठीही मीच झुरायला लागले.

आमचे हे तसे मितभाषी, पण मनातून घाबरले होते. आत्याबाईंच्या नकळत ते मला शहरातल्या एका दवाखान्यात छाती तपासायला घेऊन गेले. ईसीजी नॉर्मल आला. हे पैसे भरायला गेले आणि मी बाकावर हुंदके देत बसले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. निळी साडी, कडक पिना लावलेली. तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुमचापण नॉर्मल आला ना? वाईट वाटलं ना?" मी चमकून तिच्याकडे पाहिलं. माझ्या मनातली ती लाजिरवाणी गोष्ट, की काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं, ती या अनोळखी बाईला कशी कळली? ती म्हणाली, "माझा तर किती वेळा नॉर्मल आला. शेवटी डॉक्टरच कंटाळले. वरच्या मजल्यावर शनिवारी क्लास असतो, चला माझ्याबरोबर." तिचं नाव संघमित्रा. वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मी तिला विचारलं, तुम्हाला देवानंच पाठवलं का. ती हसून म्हणाली, "मी देव मानत नाही ताई, आमच्या घरी बुद्धवंदना असते. पण जागा धरून ठेवीन तुमची." ज्याला कृपा म्हणतात ती माझ्याकडे देव न मानणाऱ्या बाईच्या पायांनी चालत आली. देवीला विनोदाचं अंग आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

क्लास म्हणजे एक खोली, गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि फळा. आठ-दहा माणसं. निवृत्त तलाठी देशपांडेकाका, एक कॉलेजचा मुलगा, कटकट गेटच्या एक रुकय्याआपा आणि आम्ही दोघी. शिकवणाऱ्या मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान. पहिल्या दिवशी मी हाताची घडी घालून बसले होते. मॅडम 'नैराश्य', 'चिंताविकार' असले शब्द फळ्यावर लिहीत होत्या, आणि मला वाटत होतं की हे कुण्या दुसऱ्याच माणसांचे आजार आहेत. मग त्या म्हणाल्या, "त्रास देणारा विचार आला की त्याच्याशी भांडू नका. आधी त्याला नाव ठेवा." यावर देशपांडेकाका गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, नावं ठेवण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही. मुद्द्याचं बोला." सगळी खोली हसली. रुकय्याआपांना कळेना, तेव्हा संघमित्रानं सांगितलं, आणि त्या सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत जास्त हसल्या. मॅडमना फळ्यावर लिहून दाखवावं लागलं, नावं नाही, नाव. बाळाचं ठेवतात तसं. आलेला पाहुणा कोण आहे ते एकदा कळलं की तो घरमालक राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग एकेकानं आपापल्या पाहुण्याचं नाव ठेवलं. काकांनी 'पंचनामा' ठेवलं, कारण त्यांचं मन झाल्या-गेल्या प्रत्येक गोष्टीचा पंचनामा करत बसायचं. संघमित्रानं 'बडे साहेब', सतत डोक्यावर उभा राहून चुका काढतो म्हणून. रुकय्याआपा म्हणाल्या, "मेरेकू तो बस घबराट होती, उसका नाम घबराट-बी रखो." माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "घोर." वैजापूरला माझी आई म्हणायची, लई घोर लागलाय जिवाला. भाऊ वेळेवर घरी आला नाही की घोर, बहिणीला स्थळ आलं नाही की घोर. फळ्यावरचे मोठमोठे शब्द मला परके होते, पण घोर मला लहानपणापासून ओळखीचा होता. त्या दिवशी मी रिक्षात बसून घरी येताना स्वतःशी म्हटलं, बरं, घोर, तू आलास का. आणि तो आला होताच, पण शेजारच्या सीटवर बसला होता. जादू काही झाली नाही. क्लासच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याही घेत होते. पण काही शनिवार गेले आणि मुलगी बोलायला लागली की तिचे शब्द आत शिरायला लागले.

हे फार दिवस लपून राहणार नव्हतं. आत्याबाईंना गोळ्या सापडल्या. त्या चिडल्या नाहीत, त्या घाबरल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, ज्या अंगात आई येते त्या अंगाला औषध चालत नाही, कोप होतो. त्यांनी गयामावशींना बोलावलं आणि दोघींनी मिळून ठरवलं की नवरात्रात अष्टमीला माझ्या गळ्यात माळ घालायची, हातात परडी द्यायची. माळ घातली की मी कायमची देवीची. गोळ्या बंद, शनिवार बंद. ह्यांनी मान खाली घातली. आईसमोर त्यांनी तोवर कधी तोंड उघडलेलं नव्हतं. मी म्हटलं, मी माळ घालणार नाही. आत्याबाई म्हणाल्या, "माळ नको तर काय डोक्याच्या दवाखान्याची चिठ्ठी गळ्यात बांधती का? तुझ्या लेकीला उद्या स्थळं येतील का?" तो घाव बरोबर बसला. मी शनिवारी जाऊन संघमित्रासमोर रडले. माळ घातली तर क्लास जाईल, नाही घातली तर देऊळ जाईल, आणि मला दोन्ही हवं आहे, असं म्हणाले. ती म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही ताई. पण तुमचं तिच्यावर एवढं प्रेम आहे ना? मग तिच्यासमोर तरी खरं बोला."

अष्टमीला देऊळ खच्चून भरलं होतं. संबळ वाजत होता, बायका आईचा उदो उदो म्हणत होत्या. पावसाळा कोरडाच गेला होता, त्यामुळे सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागले होते. आत्याबाईंनी मला स्वतःचं हिरवं लुगडं नेसवलं होतं. ताटात हळदीच्या पाण्यात भिजवलेली कवड्यांची माळ. ती पाहिली आणि माझ्या हातांना मुंग्या सुटल्या. श्वास वर अडकला. संबळवाल्याने मला थरथरताना पाहिलं आणि ठेका वाढवला. मळवट, रिंगण, धूर, सगळं तसंच. गयामावशींनी माळ उचलली, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, "कोण आलंय? नाव सांग."

अशा वेळी माझा आवाज कधीच फुटत नाही. तोंड उघडतं, आतून काही येत नाही. पण मी मूर्तीकडे पाहिलं. शेंदूर, चांदीचे डोळे, नाकात नथ. आणि माझ्या कानांनी मी माझा आवाज ऐकला. मोठा नव्हता, पण स्वच्छ होता.

"घोर," मी म्हटलं. "घोर आलाय मावशी. हा माझा नेहमीचा आहे. आई तिथं समोर बसली आहे, माझ्या अंगात नाही. मी आजारी आहे. थोडा वेळ बसते, तो जाईल."

संबळ थांबला. मी होते तिथेच, मूर्तीसमोर, फरशीवर मांडी घालून बसले. दोन्ही तळवे फरशीला लावले, जसं क्लासमध्ये शिकवलं होतं तसं. सगळी वसाहत माझ्याकडे पाहत होती आणि मी देवीकडे पाहत होते. मी मनात तिला म्हटलं, तुला राग आला असेल तर आत्ता ये, माझ्यासमोर ये, पण माझ्या आजाराचं नाव तुला लावून मी तुझा अपमान करणार नाही. घोर वर चढला, तसाच राहिला, मग उतरायला लागला. सगळ्यांदेखत उतरला. मी उठले, कुंकू लावून घेतलं, प्रसाद मागून घेतला आणि घरी आले. त्या क्षणी आवाज कुणी दिला, हे मला कुणी विचारू नये. मला माहीत आहे.

त्यानंतरचे महिने काही गोड गेले नाहीत. आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. टँकर चुकला की तो माझ्यामुळे, बोअरला पाणी लागलं नाही की तेही माझ्यामुळे. दोन शिकवण्या सुटल्या. मी हट्टाने दर मंगळवारी देवळात गेले. बायका सरकून बसायच्या, मला ऐसपैस जागा मिळायची. शनिवारी क्लासला जाताना मी मागच्या गल्लीने जायचं सोडून दिलं आणि देवळासमोरून, सगळ्यांच्या ओट्यांसमोरून जायला लागले. कुणी विचारलं कुठं निघालीस, तर सांगायचे, डोक्याच्या क्लासला. पहिल्यांदा जीभ अडखळली, मग सवय झाली. एकदा आमचे हे स्वतःहून म्हणाले, "चल, मी सोडतो गाडीवर." आणि आत्याबाईंच्या देखत गाडीला किक मारली.

मग एका मंगळवारी आरती संपून बायका पांगल्यावर गयामावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं आता खरडपट्टी निघणार. मी मनातल्या मनात उत्तरं तयार ठेवली होती. त्या बराच वेळ परडीतलं पीठ बोटांनी सारखं करत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या रोजी तू म्हणलीस, घोर. कुणी शिकवलं तुला ते?"

मी क्लासचं सांगितलं. नाव ठेवण्याचं सांगितलं. त्या खाली बघून ऐकत होत्या.

"बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायच्या कामावर होते," त्या म्हणाल्या. "लेकरू होतं माझं. कामावर सुकडी मिळायची, ती खाऊ घालायची मी तिला. पाणी लई घाण. जुलाब लागले अन् दोन दिसांत गेली. तिला पुरून आलो अन् दुसऱ्या दिशी मी परत कामावर. तिथं माझं अंग थरथर कापाया लागलं. सगळ्या बाया गोळा झाल्या. तुला काय झालं, असं कुणी इचारलं नाय. इचारलं, कोण आलंय. मग मी काय सांगणार? आईचं नाव सांगितलं." त्यांनी परडी जवळ ओढली. "कुणी इचारलं असतं ना, तर मी लेकराचं नाव सांगितलं असतं."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ज्या बाईशी मी इतके महिने दात-ओठ खाऊन लढत होते, तिला सगळ्या आयुष्यात एक साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तिचा पीठ लागलेला हात हातात घेतला आणि विचारलं, "मावशी, काय झालं होतं तुम्हाला? काय नाव होतं तिचं?"

त्यांनी देवीकडे पाहिलं, जणू परवानगी घेत होत्या. मग म्हणाल्या, "मंगल."

गयामावशींच्या अंगात अजूनही मंगळवारी वारं येतं. ते देवीचं की आणखी कशाचं, हे ठरवणारी मी कोण. मी पाया पडते. फक्त वारं ओसरल्यावर आता मी त्यांच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन बसते आणि त्या मला मंगलबद्दल काहीबाही सांगतात. ती गोरी होती, तिला खडीचे चकचकीत तुकडे गोळा करायचा नाद होता, असलं काही. घोर माझ्याकडेही अजून येतो, पूर्वीपेक्षा कमी येतो. लोक म्हणतात, देवीला शरण जा, सगळं तिच्यावर सोपव. मी पूर्वी समजायचे की शरण जाणं म्हणजे तोंड मिटून जे गळ्यात पडेल ते घालून घेणं. आता मला वाटतं की तिच्या पायाशी आपलं खरं दुखणं त्याच्या खऱ्या नावानिशी ठेवणं, हेच शरण जाणं. त्यासाठी तिने मला देव न मानणारी एक मैत्रीण दिली, प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक खोली दिली, आणि भर गर्दीत आवाज दिला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

अशाच एका शनिवारी गयामावशी माझ्याबरोबर क्लासला आल्या. कवड्यांची माळ गळ्यात, परडी मांडीवर. देशपांडेकाकांनी उठून खुर्ची दिली. मॅडमनी नेहमीसारखं एकेकाला विचारत त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हाला काय होतंय?" मावशींनी परडी खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसत म्हटलं, "सांगते. पण जरा येळ लागंल बाई, लई वर्षांचं हाय."